निजेला धोंडा
(द्वितीय वर्ष, कला)

पाचवीच्या वार्षिक परीक्षेत मराठीच्या पेपरात ‘म्हणीचा वाक्यात उपयोग करा’ असा प्रश्न आला होता. म्हण होती, ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’. मी लिहिले, ‘माझे बाबा रात्रपाळीवरून आले की लादीवर पडताच घोरू लागतात, म्हणतात ना, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा.’ बाईंनी ते वाक्य वर्गात वाचून दाखवले आणि पूर्ण गुण दिले. कितीतरी दिवस मी त्या अभिमानात होते. आज ते वाक्य मला मागे घ्यायचे आहे. त्यासाठीच वार्षिकांकाची ही पाने मी संपादक मंडळाकडून मागून घेतली.

विषय सांगताच वर्गातली काही मंडळी हसली. “लोक लोकशाहीवर लिहितात, स्त्रीमुक्तीवर लिहितात, आणि तू गादीवर लिहिणार?” असे एकाने विचारले. हसणाऱ्यांपैकी बहुतेक जण घरी पलंगावर झोपतात, हे मी नंतर चौकशी करून पाहिले. त्यांचा दोष नाही. ज्याला रोज पाणी मिळते त्याला पाण्यावर निबंध लिहावासा वाटत नाही.

आमची बोईसरची खोली भाड्याची. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, एका कोपऱ्यात मोरी, वर पत्रा. माणसे चार. धाकट्या भावाला लोखंडी खाट, कारण तो दहावीला आहे. (मी दहावीला होते तेव्हा ही खाट घरात नव्हती, हे जाता जाता नोंदवते.) मी कपाटाच्या कडेला चटईवर. बाबा मध्ये, चटई आणि तिच्यावर दुहेरी केलेली वाकळ. आई सर्वांत शेवटी आडवी होते आणि तिच्या वाट्याला मोरीजवळची जागा येते. तिथली लादी पावसाळ्यात ओल धरते. घरात कोणाचा मान किती, हे ताटावरून कळते असे म्हणतात. मला ते अंथरुणावरून कळले.

आता खरी गोष्ट सांगायची तर आमच्या घरात गादी होती. आईच्या लग्नात आजोबांनी दिलेली, कापसाची, लाल खोळीची, चांगली जाड. ती जुन्या चादरीत बांधून फळीवर ठेवलेली असे. पाहुणे आले की उतरायची. वर्षातून चार-पाच रात्री, गणपतीत एखादी जास्त. उरलेल्या साडेतीनशेहून अधिक रात्री गादी फळीवर आणि बाबा लादीवर. ही व्यवस्था कोणी ठरवली, असे मी एकदा विचारले तेव्हा आई म्हणाली, “ठरवायचं काय त्यात? पाहुण्यांना खाली निजवायचं का?” घरच्या माणसाला खाली निजवायचे का, हा प्रश्न तिला पडला नव्हता. खरे सांगायचे तर तोवर मलाही पडला नव्हता.

बाबा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्यात ठेकेदाराकडून काम करतात. कापडाचे तागे उचलायचे, गाडीवर ठेवायचे, दुसरीकडे उतरवायचे. पुढे त्याच कापडाच्या कुठे कुठे चादरी होत असतील. पहिली पाळी सातची, दुसरी तीनची, तिसरी अकराची, आणि पाळी आठवड्याला बदलते. तिसऱ्या पाळीचा आठवडा आमच्या घरात सर्वांनाच कठीण जातो. सकाळी आठाला बाबा घरी येतात आणि नऊला आडवे होतात. तेव्हा चाळीतले नळ चालू असतात, शेजारी कुकरच्या शिट्ट्या, दारात पोरांचा क्रिकेटचा सामना आणि वर तापत जाणारा पत्रा. ‘लादीवर पडताच घोरू लागतात’ हे मी लिहिले होते ते खरे होते. परंतु दोन तासांनी कूस बदलत उठून बसतात, कंबरेला हात लावून भिंतीला टेकतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तसेच बसून राहतात, हे मी लिहिले नव्हते. म्हणीत ते बसत नव्हते.

झोप ही काही आळशी माणसाची हौस नव्हे. शरीरात दिवस-रात्रीचे एक घड्याळ असते. ते कसे चालते याचा शोध लावल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रात्रपाळीच्या कामाची गणना ‘बहुधा कर्करोगास कारणीभूत’ अशा गोष्टींत केली. हे वाचल्यावर मी घाबरून बाबांना सांगितले. ते म्हणाले, “मग काय सोडू काम? तुझी फी कोण भरणार?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. रात्रपाळी माझ्या हातात नाही. पण रात्रपाळीवरून आलेला माणूस कशावर पाठ टेकतो, एवढे तरी घरच्यांच्या हातात असते की नाही?

या ठिकाणी कोणी म्हणेल की आपले पूर्वज जमिनीवरच झोपत, त्यांचे काय बिघडले? हा प्रश्न मला एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी खरोखरच विचारला. म्हणून दिवाळीच्या सुटीत मी विक्रमगडच्या बाजूला आजीकडे गेले तेव्हा मुद्दाम पाहिले. आजी जमिनीवर झोपते हे खरे. पण कोणत्या जमिनीवर? शेणाने सारवलेल्या मातीच्या. थंडी पडली की चटईखाली भाताचा पेंढा पसरते, चांगला वीतभर, आणि तो दबला की बदलते. त्यावर चटई, तिच्यावर वाकळ. उन्हाळ्यात घरात कोणी निजत नाही. अंगणात बाज येते, काथ्या सैल झाला असेल तर मामा तो आवळून घेतो. लहान मूल असेल तर त्याला झोळी. मी आजीला म्हटले, “आजी, निजेला धोंडा म्हणतात ना?” ती म्हणाली, “धोंड्यावर कोन निजतो? पाठ मोडंल ना!”

मला हा शोध मोठा वाटला. आजीच्या पाड्यावर वीज उशिरा आली, रस्ता त्याहून उशिरा आला, पण तिथल्या माणसांना ऋतूप्रमाणे अंथरूण निवडण्याची अक्कल होती आणि त्यासाठी लागणारा माल शेतात होता. दूर जपानातही परंपरेने लोक जमिनीवर झोपतात. पण त्यांच्या खोलीच्या जमिनीवरच मुळी ‘तातामी’ नावाच्या, पूर्वी भाताच्या पेंढ्याने भरलेल्या जाड चटया असतात, आणि वर कापसाची गादी, जी सकाळी घडी करून ठेवतात व उन्हात घालतात. म्हणजे विक्रमगड आणि जपान यांचे पेंढ्याच्या बाबतीत एकमत आहे! १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे पाडे सोडून बोईसरला आली. येताना आम्ही वाकळ आणली. पेंढा आणता आला नाही, बाज ठेवायला अंगण उरले नाही, सारवलेली जमीन गेली आणि खाली गार लादी आली. निजेला धोंडा आम्हाला पूर्वजांनी दिलेला नाही. तो बोईसरला मिळाला.

वाकळीविषयी येथे थोडे बोलले पाहिजे, कारण मराठीत गोधडी म्हटली की लेखकांचा गळा दाटून येतो. आईच्या जुन्या लुगड्यांचे थर, मायेची ऊब, टाक्याटाक्यांतले कष्ट वगैरे. शहरांतल्या प्रदर्शनांत आता गोधड्या हजारो रुपयांना विकल्या जातात असे ऐकते. मराठी विभागाच्या प्राध्यापकांनी रागावू नये, पण माझे मत असे की गोधडी हे उत्तम पांघरूण आहे आणि पेंढ्यावर घातली तर बरे अंथरूणही आहे. परंतु नुसत्या लादीवर ती चार कापडांची घडी आहे, अधिक काही नाही. तिच्यात माया असेल. कंबरेच्या मणक्यांना मायेने आधार मिळत नाही.

आमच्या चाळीच्या मागच्या रांगेत बिहार आणि ओडिशातून आलेले कामगार राहतात. एका खोलीत आठ-नऊ जण. अंथरुणे मात्र चार-पाच. पहिल्या पाळीचा उठतो, तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच जागी पडतो. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून गेलेली आपली माणसे अशीच पाळीपाळीने एका खोलीत निजत. गिरण्या गेल्या, ती पद्धत मात्र गाडीत बसून बोईसरला आली. त्यांतल्या एका दादाला मी विचारले, “आपको नींद आती है?” तो हसून म्हणाला, “नींद तो आती है बहन, बिस्तर खाली नहीं आता.” ढेकणांचा त्रास तर विचारू नये. नुसते उन्हात टाकून ढेकूण जात नाहीत, ते शिवणीत आणि लाकडाच्या फटीत दडतात. आणि एकाने अंथरूण धुतले तरी शेजारच्या अंथरुणातून पुन्हा येतात. आमच्या वर्गातली एक मैत्रीण वसतिगृहात राहते. तिला तिथे आयुष्यात प्रथमच स्वतःची खाट मिळाली. पहिला आठवडा तिला त्या खाटेवर झोपच येईना. एवढी जागा आपल्या एकटीची, हे पटायलाच तिला आठ दिवस लागले.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली रामलीला मैदान प्रकरणाच्या निकालात झोप हा माणसाच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे. मध्यरात्री झोपलेल्या जमावावर पोलिसांनी केलेल्या कारवाईचे ते प्रकरण होते. राज्यशास्त्राच्या तासाला हे ऐकले तेव्हा मी वहीत दोनदा अधोरेखित केले. १९४८ च्या कारखाना कायद्यातही दीडशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात विश्रांतीची खोली असावी अशी तरतूद होती. म्हणजे श्रमणाऱ्याने टेकायचे कुठे, हा विचार कायदा करणाऱ्यांना सुचला होता. माझे म्हणणे एवढेच की तो विचार कारखान्याच्या फाटकापाशी थांबू नये. जो ठेकेदार माणसे आणतो आणि खोलीत ठेवतो, त्याने डोईमागे एक खाट आणि एक गादी द्यावी. हे मागणे फार मोठे आहे काय? यंत्राला तेल घालण्यासाठी यंत्र बंद ठेवतात, तेव्हा त्याला कोणी चैन म्हणत नाही.

नुसत्या गादीने झोप येते असेही मी म्हणत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून आपल्याच जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा धुंदलवाडीच्या परिसरातली माणसे ऐन थंडीत घराबाहेर आणि तंबूत झोपली. डोक्यावरच्या छपराचाच भरवसा नसेल तर खाली काय अंथरले आहे, हे कोण पाहतो? पण छप्पर धड असलेल्यांनी तरी खाली पाहावे.

गेल्या उन्हाळ्यात मी दोन मुलांच्या शिकवण्या घेतल्या आणि चार हजार रुपये साठवले. त्यातून बाबांसाठी गादी घ्यायची असे ठरवून बोईसर आणि पालघर दोन्हीकडची दुकाने पालथी घातली. कॉलेज सुटल्यावर गाडीला वेळ असे. तेवढ्यात एकेक दुकान. या फिरण्यात जे कळले ते सांगते, कोणाला उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, दुकानदार जाडी सांगतात, घनता सांगत नाहीत. फोमची गादी सहा इंच जाड असली तरी हलक्या फोमची असेल तर कंबर टेकते तिथे लवकरच खड्डा पडतो. म्हणून घनता विचारावी, आणि सांगता येत नसेल तर पुढे जावे. दुसरी, ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द खोळीवर छापलेला असला म्हणजे डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिले असे नव्हे. एका दुकानात मला दगडासारखी कडक गादी दाखवली आणि “कंबरेला कडकच चांगली” असे सांगितले. आपल्याकडे ही समजूत सर्वांचीच आहे. परंतु २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ माणसांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या. कोणाला कोणती हे त्यांना सांगितले नाही. नव्वद दिवसांनी पाहिले तेव्हा मध्यम कडक गादीवाल्यांचे दुखणे अधिक कमी झालेले आढळले. म्हणजे फार मऊ नको, ज्यात माणूस रुततो. आणि धोंडाही नको. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि कंबर थोडी आत जावी, पाठीचा कणा सरळ राहावा, एवढे पाहायचे. त्यासाठी दुकानात गादीवर दहा मिनिटे आडवे व्हावे लागते. मी झाले. दुकानदार बघत राहिला, पण काही बोलला नाही.

आपल्या बाजूची हवा दमट आहे, हेही विसरून चालत नाही. फोम घाम धरून ठेवतो आणि पत्र्याखाली दुपारी झोपणाऱ्याला तो तापतो. काथ्याची गादी हवा खेळती ठेवते, पण नुसती काथ्याची असेल तर अंगाला कडक लागते. वर पातळ कापसाची घातली तर बरी. कापसाची गादी सर्वांत जुनी आणि आमच्यासारख्यांना परवडणारी. ती दबते, गोळे होतात, हा तिचा दोष. पण ती उसवून, पिंजून पुन्हा भरता येते, हा गुण दुसऱ्या कोणत्याच गादीत नाही. कोणतीही गादी पावसाळ्यात थेट लादीवर टाकू नये, खालून ओल धरते आणि बुरशी येते. खाली फळ्या किंवा खाट हवी. उशीचे म्हणाल तर कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याच्या रुंदीएवढी उंच लागते, उताण्या झोपणाऱ्याला कमी. काटेसावरीच्या कापसाची उशी मऊ आणि हलकी होते. आजीकडची उशी तीच आहे, आणि तिला कोणी पैसे दिलेले नाहीत.

हे सगळे ज्ञान घेऊन मी घरी आले आणि बाबांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “पैसे उधळू नको. तुला मोबाईल घे, अभ्यासाला लागतो. गादी आहे घरात.”

“ती पाहुण्यांची आहे,” मी म्हटले.

“मग?”

त्या ‘मग’वर आमचे दोन दिवस भांडण चालले. शेवटी मीच फळीवर चढले आणि गादी खाली काढली. सोडून पाहिली तर एका अंगाला कापूस गोळा झालेला, दुसऱ्या अंगाला नुसती खोळ. इतकी वर्षे न वापरताच ती म्हातारी झाली होती. पाहुणे बिचारे कसे झोपत असतील देव जाणे, कोणी बोलले नाही. मी ती रिक्षात घालून पिंजाऱ्याकडे नेली. पूर्वी हे लोक पिंजणाची तार वाजवत दारोदार येत, असे आई सांगते. आता यंत्रावर पिंजतात. त्याने खोळ उसवली, कापूस हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, “माल अस्सल आहे. असा आता कोणी भरत नाही.” तीन किलो नवा कापूस घालून, नवी खोळ आणि मजुरी धरून दीड हजार रुपये झाले. उरलेल्या पैशांत लाकडी फळ्यांची एक जुनी खाट मिळाली. ती ठेवण्यासाठी माझी चटई कपाटाकडून दाराकडे सरकली, त्याला माझी हरकत नाही.

पहिल्या दिवशी बाबा खाटेवर बसले, झोपले नाहीत. “पाहुणे आले तर?” असे त्यांनी विचारले. मी म्हटले, “पाहुण्यांना वाकळ देऊ. त्यांना तिचे कौतुक असते.” तेव्हा ते हसले. त्या आठवड्यात तिसरी पाळी होती. सकाळी येऊन ते आडवे झाले. मी खिडकीला काळा कपडा लावला, दारातल्या पोरांना मैदानावर पाठवले आणि गाडी पकडली. संध्याकाळी आईने सांगितले, दोन वाजेपर्यंत उठले नाहीत. ती घाबरून दोनदा श्वास पाहून आली.

आता आमच्या घरी नवा वाद सुरू आहे. बाबांची तिसरी पाळी असते तेव्हा रात्री खाट रिकामी असते. त्या रात्री तिच्यावर आईने झोपावे असे माझे म्हणणे. बाबांचेही तेच. आई म्हणते, “मला सवय नाही, मला मोरीजवळच झोप लागते.” काल रात्री मी जागी राहून पाहिले. अकरानंतर ती उठली, खाटेपाशी गेली, हाताने गादी दाबून पाहिली, चादर नीट केली आणि परत येऊन आपल्या जागी पडली.